थट्टेकरीण तौसी

माझ्या ओट्यावर दुपारी चार ते सहा या वेळात मुले बसतात, ती माझ्या प्रेमापोटी बसत नाहीत हे मला ठाऊक आहे. माझ्या मुलाने दारेसलामहून माणूस पाठवून घरात वायफायचा डबा बसवून दिला. त्याच्या लहरी भिंतीतून ओट्यापर्यंत येतात आणि पुढे आंब्याच्या झाडाशी विरतात. म्हणून गल्लीतली पंधरा-सोळा वर्षांची सगळी मुले ओट्याच्या आत असतात, झाडापलीकडे एकही नाही. हिदाया त्यावर वेण्यांचे नवे प्रकार बघते, दोघे-तिघे फुटबॉल बघतात, परीक्षा जवळ आली की गणितेही सोडवतात. येताना मात्र प्रत्येक जण न चुकता "शिकामू, आजी" म्हणतो आणि मी "मरहबा" म्हटल्याशिवाय फोन उघडत नाही. मोरोगोरोत थोरांना नमस्कार करायची एवढी रीत अजून टिकून आहे.

त्यांच्यात तौसी रमजानी सर्वांत उशिरा येते, कारण शाळेतून आल्यावर तिला आईसाठी तांदूळ वाटावे लागतात. तिची आई सिवेमा पहाटे चौकात नारळाच्या दुधातले आप्पे विकते. वडील लॉरीवर असतात, महिन्यातून दोन दिवस दिसतात. तौसी उंच, हाडकुळी, पुढचे दोन दात किंचित बाहेर. चेहरा म्हणाल तर काही विशेष नाही, पण तो तिचा एकटीचा कधी नसतोच. बोलता बोलता ती मशिदीतले मुअज्जिन होते, पाण्याच्या बिलाचा माणूस होते, चष्मा शोधणारी मी होते. मी पहिल्यांदा स्वतःला तिच्या अंगात पाहिले तेव्हा मला राग यायला हवा होता. तो न येता मला चष्मा कुठे ठेवला होता ते आठवले.

या नकलांचे छोटे छोटे व्हिडिओ ती फोनवर टाकत असे. शहरभर लोक ते बघत. बाजारात अनोळखी बाया तिला थांबवून "ती बिलवाल्याची नक्कल कर ना" म्हणत. सिवेमा म्हणायची, "माझ्या आप्प्यांना एवढी गिऱ्हाइकं असती तर मी आज गाडीत बसले असते."

कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारे म्हातारे मिहायो न्याम्वेझी आहेत आणि तौसी झारामो. इथे जन्मलेल्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. या दोन जमातींचे फार जुने थट्टेचे नाते आहे. न्याम्वेझी लोक डोक्यावर हस्तिदंताची ओझी घेऊन किनाऱ्यापर्यंत चालत येत आणि झारामोंच्या गावातून जात, तेव्हापासूनचे. या नात्यात काहीही बोललेले चालते. राग धरायचा नाही. आणि ज्याच्याशी थट्टेचे नाते, तो मरणाच्या घरी यायलाच हवा. तो येतो, मेलेल्याची नक्कल करतो, त्याच्या खाटेवर आडवा होतो, रडणाऱ्यांना शिव्या घालतो आणि घरच्यांनी काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय दारातून हलत नाही. त्याने हसवल्याशिवाय सुतक पुरे झाले असे कोणी मानत नाही.

तौसी आणि मिहायो यांचा दिवस असा सुरू होई:

"काय म्हातारोबा, अजून जिवंत? मी खांगा धुऊन ठेवली होती, तुमच्या मयताला नेसायला."

"तुझी खांगा धुतलेली? म्हणजे आज समुद्र आटला असणार. तुम्ही झारामो, ढोल वाजला की चुलीवरचा भात जळू देणारे."

"तुमच्या आजोबांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा काय विचारलं ठाऊक आहे? एवढं पाणी कोणी सांडलं म्हणून."

"आणि तुझ्या आजोबांनी सांगितलं, आम्हीच सांडलं, पुसायचा कंटाळा आला."

मग ती त्यांच्या डब्यातले वाळवलेल्या रताळ्याचे दोन तुकडे उचलून शाळेत जाई. ते मागून "चोर, चोर" ओरडत. डब्यात दोन तुकडे रोज जास्तच असत.

पण तौसीला या कामात खऱ्या अर्थाने तयार केले ते नर्स मिलेंबेने. मिलेंबेही न्याम्वेझी. आमच्या दवाखान्यात तिने उभे आयुष्य काढले. गल्लीतले एकही मूल तिच्या सुईतून सुटले नाही. बदकासारखी डोलत यायची, एक हात पाठीमागे. "काही नाही, मुंगी चावली समज," म्हणायची आणि मूल मुंगी शोधत असताना काम उरकायची. तौसीला लहानपणी दम्याचा त्रास होता. रोजची सुई. पाच वर्षांची पोर एके दिवशी टेबलावर पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "तू मेलीस की मी तुझ्या खाटेवर नाचणार आहे." मिलेंबेने सुई तशीच हातात धरली आणि इतकी हसली की बाहेर रांगेतले लोक आत डोकावले. त्या दिवसापासून ती भेटेल त्याला सांगे, "माझी थट्टेकरीण ठरली बरं का. मी मेले की ही येणार. नाही आली तर माझं भूत येईल हिला टोचायला."

मिलेंबेचा नवरा पलीकडच्या देशातला, नाकुरूचा. तो लवकर गेला. एकुलती मुलगी न्योकाबी तिकडेच, बापाच्या आईजवळ वाढली, वसतिगृहात शिकली. पुढे निवृत्त झाल्यावर मिलेंबे मुलीकडे नाकुरूला गेली. जाताना बसच्या खिडकीतून तौसीला म्हणाली, "लक्षात ठेव, खाट." तौसी म्हणाली, "आधी मर तर."

यंदा जूनमध्ये ती गेली.

बातमी फोनवरच आली. न्योकाबीने आईचा पांढऱ्या टोपीतला जुना फोटो टाकला होता आणि खाली चार ओळी लिहिल्या होत्या. हिदायाने तो फोटो ओट्यावर सगळ्यांना दाखवला. तौसीने फोटो बराच वेळ पाहिला. मग उठून घरी गेली आणि आईची निळी खांगा घेऊन आली.

"आजी, तुमची खाट घेऊ का जरा?"

"कशाला?"

"मिलेंबेला वचन दिलंय. नाकुरूला कोण जाणार? तिथे सगळे तोंड पाडून बसले असतील. तिकडे आमच्यासारखं कोणी नाही."

हिदायाने फोन धरला. तौसीने खांगा कमरेला गुंडाळली, एक हात पाठीमागे घेतला, त्यात कसाव्याची काडी, आणि माझ्या खोलीच्या दारातून मिलेंबे डोलत आत आली. मी खोटे सांगत नाही, माझा दंड दुखला. मिलेंबे "मुंगी, मुंगी" म्हणत कोपऱ्यातल्या उशीला टोचून आली, मग खाटेवर आडवी झाली, हात छातीवर घेतले आणि मेली. क्षणभराने तिने एक डोळा उघडला. "चहा झाला का?"

आम्ही सगळी हसलो आणि सगळी रडलोही. तौसीने तो व्हिडिओ न्योकाबीच्या चार ओळींखाली टाकला आणि सोबत लिहिले: "गेलीस एकदाची! मोरोगोरोच्या पोरांचे कुल्ले सुटले. देवा, दाराला कडी लाव, ही सुई घेऊन आली आहे. आणि न्याम्वेझ्यांनो, रडता कशाला? रताळी खाणारं एक तोंड कमी झालं."

तिने शाळेचा सदरा बदललेला नव्हता. खिशावरचे शाळेचे चिन्ह स्पष्ट दिसत होते. ते तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही.

पहिल्या संध्याकाळी आमच्याकडच्या लोकांनी हसण्याची चित्रे टाकली. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ नाकुरूच्या कोणी उचलला, तिथून आणखी कोणी, आणि तो आमच्या हातून गेला. कोणी मिलेंबेचा फोटो आणि तौसीची नक्कल शेजारी शेजारी लावली. ज्यांनी मोरोगोरो नकाशातही पाहिले नसेल ते लिहू लागले. हैवान पोर. हिच्या आईने हिला हेच शिकवले का. हिला कोणी फोडून काढत नाही का. एकाने शाळेचे चिन्ह मोठे करून नाव शोधले.

तौसी माझ्या ओट्यावर बसून एकेक वाचत होती.

"नको वाचूस," हिदाया म्हणाली.

"न वाचून काय होईल? ते लिहायचं थांबवणार आहेत?"

"फोन आत ठेव. माझ्या वेण्या घाल."

"हे बघ, हा म्हणतो माझे दात घोड्यासारखे आहेत. हे तर मिहायो रोज म्हणतात. यांच्या तोंडून का लागतं मग?"

तिने हे खरोखरच्या जिज्ञासेने विचारले. हिदायाने कंगवा तिच्या हातात दिला.

तरीही ती तोवर ताठ होती. ती वाकली ती एका ओळीने. न्योकाबीने स्वतः लिहिले होते: "तू कोण आहेस मला ठाऊक नाही. माझ्या आईने तुझे काय बिघडवले होते?"

त्यानंतर तौसीने फोन पालथा ठेवला.

शुक्रवारी मुख्याध्यापिका एलियामानी बाईंनी सिवेमाला शाळेत बोलावले. सिवेमाला अशा ठिकाणी एकटीने जायची भीती वाटते, म्हणून मी सोबत गेले. बाई किलिमांजारोकडच्या, शिस्तीच्या, कपड्याला कधी सुरकुती नाही. टेबलावर शहराच्या शिक्षणाधिकाऱ्याचा निरोप होता.

मी म्हटले, "बाई, तुमच्याकडेही हे असतंच की. तुमच्या लग्नात तुमच्या थट्टेकऱ्यांनी नवरदेवाचे बूट पळवले होते म्हणे."

"बूट नाही, सबंध नवरदेव पळवला होता," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांची एक कड हलली आणि परत जागेवर आली. "मला समजत नाही असं नाही, आजी. आपल्या अंगणात झालं असतं तर मी स्वतः तिला चहा पाजला असता. पण ही गोष्ट आता आपल्या अंगणात राहिलेली नाही. जिच्या घरी मयत झालं त्या मुलीला लागलंय. शाळेचं नाव त्यात आलंय. तौसीने त्याच फोनवर, त्याच जागी माफी मागायची. सोमवारी सकाळपर्यंत. नाहीतर घरी बसायचं, आणि घरी बसलेल्या मुलीचा अर्ज मी परीक्षेला पाठवू शकत नाही."

वाटेत सिवेमा एवढेच म्हणाली, "मागेल. मागायला काय लागतं? तोंडच तर लागतं, आणि ते तिला देवाने दोन माणसांचं दिलंय."

माझेही मत तेच होते. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की दुखावलेल्या माणसापुढे आपली बाजू मांडत बसू नये, माफी मागून मोकळे व्हावे. संध्याकाळी तौसी शब्द मागायला आली.

"आजी, चांगल्या भाषेत सांगा. मी पाठ करते."

मी सांगण्याआधी तिला एक विचारले. "तू तो व्हिडिओ मिलेंबेसाठी टाकलास की लोकांनी बघावा म्हणून?"

ती नखाने ओट्याचा पोपडा खरवडत राहिली. "दोन्ही," ती म्हणाली. "तिच्यासाठी केला. टाकल्यावर मात्र किती जणांनी बघितला ते सारखं बघत होते. मयताच्या घरी पण तसंच असतं ना, आजी? कोण हसलं, कोण नाही, ते बघतोच की आपण."

मी तिला चार सरळ वाक्ये सांगितली. माझ्याकडून चूक झाली. आपल्या दुःखाचा मी अपमान केला. मला क्षमा करावी. असे पुन्हा होणार नाही. तिने ती पाठ केली, पण म्हणताना आवाज तिचा नव्हता, आणि कोणा दुसऱ्याचाही नव्हता. तिला कोणाचाच आवाज न लागलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

रविवारी दुपारी ओट्यावर सगळी जमली. तौसी स्टुलावर बसली, डोक्याला रुमाल, हात मांडीवर. हिदायाने फोन धरला. सिवेमा खांबाला टेकून उभी होती. तेवढ्यात मिहायो सायकल ढकलत आले, सायकल आंब्याला टेकवली आणि तौसीसमोर येऊन टोपी काढली.

"नमस्कार, तौसीताई," ते म्हणाले. "आपली तब्येत कशी आहे?"

तौसीने मान वर केली. "काय म्हातारोबा, ऊन लागलं का?"

"ऊन आहे खरं. आपण सावलीत बसला आहात हे पाहून बरं वाटलं. आपल्या मातोश्री बऱ्या आहेत ना? आपला अभ्यास ठीक चालला आहे ना?"

"असं काय बोलताय?"

"आपण आज माफी मागणार असं समजलं. मग मीही माझ्याकडून सुरुवात करतो. इतकी वर्षं मी आपल्याला नाही नाही ते बोललो. चोर म्हटलं, घोडी म्हटलं. तो सगळा अपमान होता, हे आपल्यामुळे आज कळलं. मला क्षमा असावी. उद्यापासून आपण आमच्या दुकानावरून गेलात तर मी उठून उभा राहीन."

"मिहायो, पुरे," तौसी म्हणाली.

"जशी आपली आज्ञा."

"मला आपण म्हणू नका."

"मग काय म्हणू, ताई? मिलेंबेच्या खाटेवर जे केलंत तो अपमान होता, तर माझ्याशी होतं ते काय होतं? एकच तर नातं आहे. ते एका टोकाला कापून दुसऱ्या टोकाला ठेवता येत नाही. मी मेलो की आपण आदराने या. पांढरे कपडे घाला, मागच्या रांगेत बसा, हळू आवाजात रडा. चहा मिळेल."

हजार अनोळखी माणसांनी घातलेल्या शिव्यांनी जिच्या डोळ्यात पाणी आले नव्हते ती मुलगी त्या 'आपण'ने ओक्साबोक्शी रडू लागली. सिवेमा पुढे आली आणि मिहायोंवर कडाडली, "पोरीची परीक्षा जाईल! तुमच्या मयताच्या मजेसाठी तिने घरी बसायचं का?"

मिहायोंनी टोपी परत डोक्यावर घातली. "ते मला समजतं, सिवेमा," ते साध्या आवाजात म्हणाले. "मी तिला मागू नको म्हणायला आलो नाही. मागितली तर काय जाईल, तेवढं दाखवायला आलो. निवडायचं तिने."

तौसीने रुमालाने नाक पुसले. मग रुमाल डोक्यावर न बांधता कमरेला बांधला.

"हिदाया, धर फोन."

मी सांगितलेली चार वाक्ये तिने म्हटली नाहीत. तिने नक्कलही केली नाही. फोनकडे बघून ती म्हणाली:

"न्योकाबी, मी तौसी, रमजानीची मुलगी, झारामो. मी कोण ते तू विचारलंस. तुझ्या आईची मी थट्टेकरीण. तिनेच मला ठरवलं, मी पाच वर्षांची असताना, सुई टोचता टोचता. तिने माझं काय बिघडवलं विचारलंस. रोज टोचायची. त्यामुळे मी आज श्वास घेते. तुला लागलं, ते मला इथे लागलं. पण मी माफी मागितली तर तिची माझी ओळखच नव्हती असं होईल. म्हणून मी मागत नाही. मी तुझ्या दारात उभी आहे. आमच्यात असं असतं. घरच्यांनी मूठभर पीठ तरी दिल्याशिवाय, नाहीतर चार शिव्या तरी दिल्याशिवाय आम्ही दारातून हलत नाही. तुला शिव्या द्यायचा हक्क आहे. दुसऱ्या कोणाला नाही, तुला आहे. दे. मी उभी आहे."

हिदायाने बोट दाबले. सिवेमा आप्प्यांचे पीठ भिजवायला निघून गेली. जाताना तिने मिहायोंच्या सायकलला एक लाथ घातली, ती थट्टेची होती असे मला वाटत नाही.

सोमवारी एलियामानी बाईंनी व्हिडिओ पाहिला. "ही माफी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई."

"त्या मुलीने उत्तर दिलं?"

"नाही, बाई."

"तर तिचं उत्तर येईपर्यंत तू घरी. तिने तक्रार नाही म्हटलं तर परत ये. शुक्रवारी अर्जांचा गठ्ठा जातो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

तो आठवडा मला फार जड गेला. तौसी आईबरोबर चौकात उभी राहू लागली. येणारी-जाणारी माणसे आप्पे घेत आणि तिच्या तोंडाकडे पाहत. कोणी नक्कल कर म्हणाले नाही. अनोळखी लोकांचे लिहिणे मंगळवारी कमी झाले, बुधवारी जवळजवळ थांबले, त्यांना दुसरे कोणीतरी सापडले असावे. यामुळे तौसीला बरे वाटेल असे मला वाटले होते. पण ती फक्त एका नावाची वाट बघत होती आणि ते नाव येत नव्हते. संध्याकाळी ती ओट्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात बसे, जिथे लहरी सर्वांत चांगल्या येतात. मिहायो तिला काहीच बोलत नव्हते, चांगले नाही, वाईट नाही. रताळ्याचा डबा मात्र त्यांनी सायकलीच्या मागे उघडा ठेवलेला असे, आणि ती तिकडे बघत नसे.

शुक्रवारी दुपारी एलियामानी बाई स्वतः चालत गल्लीत आल्या. काखेत कागदांचा गठ्ठा होता. माझ्या ओट्याची पायरी चढून त्यांनी मला "शिकामू" केला आणि तौसीला म्हणाल्या, "पोस्टात जाता जाता आले. तुझा अर्ज वेगळा काढून ठेवलाय. अजून वेळ आहे. दोन शब्द म्हण, मी ऐकते, मीच लिहून पाठवते."

तौसी उभी राहिली. तिने आईकडे पाहिले. सिवेमाने मान खाली घातली. मला वाटले आता ती म्हणणार. तिने तोंड उघडलेही होते.

फोन वाजला. पडद्यावर न्योकाबीचे नाव होते. तौसीच्या हातून तो सुटला असता, हिदायाने पकडला आणि बोटाने उघडला.

पडद्यावर कोणी तरुण मुलगी नव्हती. एक म्हातारी होती, डोक्याला काळा रुमाल, नाक पडद्याला टेकलेले.

"ती पोर कुठे आहे?" म्हातारी गरजली. "ती झारामोंची घोडी? मी कबुला, मिलेंबेची थोरली बहीण. ताबोराहून तीन गाड्या बदलून इथे आले, माझ्या बहिणीला मातीत कोरडी घातलेली बघायला. एक माणूस हसलं नाही. एक जण खाटेवर पडला नाही. सगळे चर्चमधल्या खांबासारखे उभे. आणि आज ही भाची मला विचारते, मावशी, थट्टेकरीण म्हणजे काय? आणि फोन दाखवते. बघते तर काय, पोरीने मयत तारेवरून पाठवलं! बसचं तिकीट वाचवलं! तुम्ही झारामो जन्माचे आळशी, पण इतके? खाट पण दुसऱ्याची, पोरी? आणि ती चाल, अगं, मिलेंबे डावीकडे झुकायची, तू उजवीकडे झुकलीस. दिवाळखोरांच्या पोरी, तुला एवढंही धड येत नाही?"

मग मिहायोंच्या दुकानातून, म्हणजे रस्त्यापलीकडून, एक हसणे ऐकू आले. ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे.

"डावीकडेच झुकले होते," तौसी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण तिचा होता. "फोनमध्ये उलटं दिसतं, म्हातारे. तुमच्याकडे अजून आरसे पोचले नाहीत वाटतं."

म्हातारी खोकत हसली आणि फोन कोणाकडे तरी दिला. आता पडद्यावर न्योकाबी होती. आईचेच कपाळ. डोळे सुजलेले.

"मला हे येत नाही," ती हळू म्हणाली. "मावशी म्हणते मी बोललंच पाहिजे, नाहीतर तू दारातून हलणार नाहीस." ती थांबली. "तू... तू माकड आहेस."

एलियामानी बाईंनी तोंडावर हात घेतला. हसू आवरायला की आणखी कशाला, ते मला त्यांच्या मागून दिसले नाही. मग त्या खाकरल्या, गठ्ठ्यात एक कागद परत सरकवला आणि तौसीपुढे हात पसरला.

"तक्रार नाही असं मी समजते. सोमवारी ये. फोन मात्र इकडे. शाळेच्या सदऱ्यात फोन वापरायला बंदी आहे, त्याची शिक्षा परीक्षेपर्यंत."

"देते, बाई. एक मिनिट. हिला उत्तर देऊन घेऊ दे."

"एकच."

तौसी पडद्याकडे वळली. "माकड काय म्हणतेस? माकड तर मला इथे शेंबडी पोरंही म्हणतात. मिलेंबेची मुलगी ना तू? तिच्या मुलीने एवढी मिळमिळीत शिवी द्यायची? पुन्हा दे."

"मला दुसरी येत नाही."

"माझ्या दातांकडे बघ. काही सुचतंय?"

न्योकाबीने पाहिले. "त्यांच्यावर... त्यांच्यावर कपडे वाळत घालता येतील."

"हं," तौसी म्हणाली. "आता जरा मोठ्याने. आई ऐकते आहे."

बाईंचा पसरलेला हात तसाच होता. मिनिट कधीच संपले होते.